वणव्यानंतरची माती

इ. स. २००४ च्या उन्हाळ्यांत अलास्काच्या अंतर्भागांत जे वणवे लागले ते त्या प्रदेशाच्या नोंदींत सर्वांत मोठे ठरले. सुमारें २७ लाख हेक्टर जमिनीवरून आग फिरली. पुणें आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तरी त्यांचें क्षेत्रफळ याहून थोडें कमीच भरेल. फेअरबँक्स शहरावर कित्येक दिवस धुराचें छत होतें. आग शमल्यावर जें दृश्य मागें राहिलें तें अशा वणव्यांनंतर नेहमीं दिसतें तेंच होतें: उभे राहिलेले काळे खांब, पायाखालीं काळी-करडी राख, आणि दूरपर्यंत कोठेंहि हिरव्या रंगाचा ठिपका नाहीं. येथील सारें संपलें, असें पाहणाराच्या मनांत साहजिकच येतें.

परंतु पुढच्याच उन्हाळ्यांत त्या राखेंतून कोंब वर येऊं लागतात. गुलाबी-जांभळ्या फुलांची एक वनस्पति जळक्या मैदानावर कमरेइतकी उंच वाढते. इंग्रजींत तिला फायरवीड म्हणजे आगीचें तण असेंच नांव पडलें आहे. ॲस्पेन वृक्षाचें खोड जळून गेलें तरी जमिनीखालचीं मुळें जिवंत राहतात, आणि त्यांतून शेंकडों फुटवे निघतात. जॅक पाइन नांवाच्या झाडाचे शंकु तर राळेनें घट्ट मिटलेले असतात. आगीच्या झळीनें राळ वितळली म्हणजेच ते उघडतात व बीं खालीं सांडतें. अरण्याची परत येण्याची ही घाई पाहून एक समज फार जुन्या काळापासून रूढ झालेला आहे. तो असा कीं, आग झाडें जाळते खरी, पण राखेच्या रूपानें जमिनीला खत देऊन जाते. हा समज खोटा नाहीं. पण तो अर्धाच खरा आहे. राख जमिनीवर पडते तेव्हां धूर आकाशांत निघून गेलेला असतो, आणि त्या धुराबरोबर काय गेलें याचा हिशेब राखेकडे पाहून लागत नाहीं.

हा हिशेब समजण्यासाठीं वणव्यापूर्वीं तेथील माती कशी असते हें प्रथम पाहिलें पाहिजे. पृथ्वीच्या उत्तर भागांत अलास्का, कॅनडा, स्कँडिनेव्हिया, फिनलंड आणि रशिया यांमधून सूचिपर्णी अरण्याचा एक विस्तीर्ण पट्टा गेलेला आहे. स्प्रूस, पाइन आणि लार्च हीं त्यांतील मुख्य झाडें. मधून मधून ॲस्पेन आणि बर्च यांचीं बनें लागतात; बर्च म्हणजे ज्याच्या सालीवर आपल्याकडील जुन्या पोथ्या लिहिल्या गेल्या त्या हिमालयांतील भूर्जवृक्षाचा उत्तरेकडील भाऊबंद. हिवाळा लांब, उन्हाळा आंखूड आणि थंड. कोंकणांत शिमग्याच्या सुमारास गळलेला पाला पावसाळा संपेपर्यंत कुजून मातींत मिसळूं लागतो. तेथें स्प्रूसची सुईसारखी पानें खालीं पडतात तीं वर्षानुवर्षें तशींच राहतात. त्यांना कुजविणारे सूक्ष्म जीव थंडीनें मंदावलेले असतात, आणि त्या पानांतील राळ व कडवट द्रव्यें त्यांच्या कामांत आणखी अडथळा आणतात. पानांवर पानें, त्यांवर शेवाळाचा गालिचा, त्यांत मेलेलीं मुळें, असा थरावर थर चढत जातो. कोठें वीतभर, कोठें हातभर जाडीचा हा थर म्हणजेच त्या अरण्याची खरी जमीन होय. काळ्या स्प्रूसच्या बनांत हा थर पांघरुणासारखा पसरून खालच्या मातीला ऊन लागूं देत नाहीं. कित्येक ठिकाणीं त्याखालची माती बारा महिने गोठलेली असते.

या थरांत अन्नद्रव्यांचा तुटवडा असतो काय? मुळींच नाहीं. नत्राचा तर तेथें मोठा सांठा असतो. परंतु तो अशा गुंतागुंतीच्या संयुगांत अडकलेला असतो कीं झाडाच्या मुळाला त्याचा सहजासहजीं उपयोग होत नाहीं. धान्यानें भरलेल्या पेंवाचें तोंड लिंपून टाकावें आणि घरांतील मंडळींनीं उपाशी बसावें, तशी या झाडांची अवस्था असते. उपाय म्हणून त्यांनीं बुरशीशीं सख्य केलेलें आहे. केंसाहून बारीक अशा बुरशीच्या तंतूंचें जाळें मुळांना वेढून असतें; झाड तिला साखर पुरवितें, आणि ती कुजक्या थरांत शिरून मिळेल तेवढें नत्र झाडाला आणून देते. झाडें नत्र घेतात तें मुख्यतः अमोनियम किंवा नायट्रेट या साध्या क्षारांच्या रूपांत, असें पाठ्यपुस्तकांतून शिकविलें जात असे. उत्तरेच्या रानांतील झाडें अमिनो अम्लेंहि सरळ शोषून घेतात हें इ. स. १९९८ मध्यें स्वीडनमधील संशोधकांनीं प्रत्यक्ष रानांत प्रयोग करून दाखविलें. साध्या क्षारांची वाट पाहत बसणें त्या झाडांना परवडण्यासारखें नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

अशा या थरांत आग शिरते तेव्हां सगळीं द्रव्यें सारखीं वागत नाहींत, आणि सगळें इंगित येथेंच आहे. नत्राचीं संयुगें सुमारें २०० अंश सेंटिग्रेडच्या उष्णतेंत फुटूं लागतात. ५०० अंशांच्या वर गेल्यास त्यांतील निम्म्याहून अधिक नत्र वायुरूप होऊन निघून जातें. स्फुरद आणि पालाश हीं द्रव्यें साडेसातशें अंशांच्या पुढें गेल्याशिवाय उडत नाहींत. चुन्यांतील कॅल्शियमला तर हजाराहून पुष्कळ अधिक अंश लागतात. धुमसत्या थराची उष्णता नत्र उडविण्यास पुरेशी असते, पण स्फुरद किंवा कॅल्शियम उडविण्याइतकी ती क्वचितच चढते. म्हणून राखेंत चुना सांपडतो, पालाश सांपडतें, स्फुरद सांपडतें; नत्र जवळजवळ सांपडत नाहीं. हें ज्याला पडताळून पहावयाचें असेल त्याला अलास्कास जाण्याचें कारण नाहीं. चुलीच्या राखेची गोष्ट हीच आहे. जुन्या घरांतून भांडीं घांसण्यासाठीं राख वापरीत; तिच्या पाण्याचा हाताला जो बुळबुळीत स्पर्श लागे तो तिच्यांतील क्षारांचा. हेच क्षार वणव्यानंतर अरण्याच्या आंबट जमिनीवर पडतात आणि तिचें अम्लत्व बरेंच कमी करतात.

आगीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मातींत एकच गडबड उडते. काळी झालेली जमीन ऊन शोषून घेते, वरचें पांघरूण जळून पातळ झालेलें असतें, सावली नसते, त्यामुळें माती पूर्वीं कधीं तापली नव्हती इतकी तापते, आणि गोठलेला भाग असेल तेथें तो अधिक खोलवर वितळतो. थंडीनें मंदावलेले सूक्ष्म जीव जागे होतात. न जळलेल्या भागांतील नत्र मोकळें होऊं लागतें: प्रथम अमोनियमच्या रूपांत, आणि कांहीं महिन्यांनीं नायट्रेटच्या रूपांत. नत्राचा एकंदर सांठा घटलेला असतांना झाडांना मिळूं शकणारें नत्र मात्र वाढलेलें असावें, हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें. पण पेंव फोडतांना अर्धें धान्य उधळलें गेलें, तरी उरलेलें अर्धें प्रथमच हातीं लागलें, असा तो प्रकार आहे. फायरवीड आणि ॲस्पेनचे फुटवे या संधीचा लाभ घेतात. जें त्यांच्या हातीं लागत नाहीं तें पावसाबरोबर ओढ्यांत वाहून जातें. नायट्रेट तर मातीच्या कणांना धरून राहतच नाहीं. राखेंतील पालाशहि लवकर धुवून जातें. चुना मात्र अनेक वर्षें टिकतो.

ही संपन्नता किती अल्पायुषी असते हें शास्त्रज्ञांच्या फार आधीं शेतकऱ्यांना ठाऊक होतें. फिनलंडमधील शेतकरी जुन्या स्प्रूसचें रान तोडीत, तें सुकूं देत, मग पेटवून त्या ऊन राखेंत राई पेरीत. पहिलें पीक असें भरघोस येई कीं त्या आशेवर सोळाव्या-सतराव्या शतकांत कित्येक फिनिश कुटुंबें स्वीडनच्या निर्जन अरण्यांत जाऊन राहिलीं. पण एक-दोन पिकांनंतर जमीन हात आंखडता घेई, आणि कुटुंब नव्या रानाकडे वळे. कोंकणांत भाताच्या रोपांसाठीं राब भाजण्याची जी चाल आहे तींतहि आगीचा असाच अल्पकाळचा लाभ घेतलेला असतो. फरक इतकाच कीं, कोंकणांतला शेतकरी टहाळ, पाला आणि शेण बाहेरून आणून एका लहान तुकड्यावर जाळतो, आणि फिनलंडचा शेतकरी शंभर-दीडशें वर्षांचें अरण्यच एका दिवसांत खर्चीं टाकीत असे.

राखेचा बहर ओसरला म्हणजे मग दुसरा, फार लांबलेला काळ सुरू होतो. वाढणारीं झाडें मातींतील नत्र आपल्या अंगांत ओढून घेतात. मोकळें नत्र पुन्हां कमी होतें. जें उडून गेलें तें भरून काढणार कोण? हवेंत नत्राचा अपार सांठा आहे, पण झाडांना तो उपयोगाचा नाहीं. आपल्याकडे तूर-हरभऱ्याच्या मुळांवरील गांठींत राहणारे सूक्ष्म जीव हवेंतील नत्र मातींत आणतात. उत्तरेकडे जेथें आल्डरचीं झुडपें उगवतात तेथें त्यांच्याहि मुळांवर अशा गांठी असतात. त्यांतील सूक्ष्म जीव निराळ्या जातीचे, पण काम तेंच. जेथें आल्डर दाट आहे तेथें नत्राची भरपाई लवकर होते. परंतु उत्तरेच्या अरण्यांतील विस्तीर्ण भागांत आल्डर विरळ आहे किंवा मुळींच नाहीं. तेथें नत्र येतें कोठून, हें कोडें बरींच वर्षें सुटलें नव्हतें. जमाखर्चाच्या वहींत जमेच्या बाजूला मोठी रक्कम दिसत होती आणि ती कोणीं भरली याचा पत्ता लागत नव्हता.

हा पत्ता इ. स. २००२ मध्यें लागला. टॉम डिलुका, ओले झाक्रिसन आणि त्यांचे सहकारी यांनीं उत्तर स्वीडन व फिनलंडमधील अरण्यांत जमिनीवर पसरणाऱ्या एका सामान्य शेवाळाची तपासणी केली. पिसासारख्या फांद्या असलेलें, तांबूस देठाचें हें शेवाळ पाइन-स्प्रूसच्या प्रत्येक रानांत पायाखालीं लोळत असतें, आणि त्याच्याकडे कोणी विशेष लक्ष देत नसे. त्याच्या इवल्याशा पानांच्या खळग्यांत नीलहरित सूक्ष्म जीव वस्ती करून असलेले आढळले. भाताच्या खाचरांत पाण्यावर जे नीलहरित जीव नत्र मिळवितात त्यांचेच हे आप्त. हे जीव दरवर्षीं दर हेक्टरीं दीड ते दोन किलो नत्र हवेंतून काढून घेतात, असें मोजमापांत दिसून आलें.

दीड-दोन किलो हा आंकडा शेतकऱ्याला हंसूं आणील. उंसाला एका हंगामांत नत्र दिलें जातें तें शेंकडों किलोंच्या हिशेबानें. परंतु या अरण्याचा हिशेब हंगामांचा नसून शतकांचा आहे. एखाद्या वणव्यांत हेक्टरीं शंभर किलो नत्र उडालें असें केवळ उदाहरणादाखल धरलें, तर तें परत आणण्यास या शेवाळाला पन्नास ते सत्तर वर्षें लागतील. तीनशें किलो उडालें असें धरल्यास दीडशें ते दोनशें वर्षें. वणव्याची किंमत येथें प्रथम आंकड्यांत दिसते. झाडें डोळ्यांना दिसण्यापुरतीं तीस वर्षांत परत येतील. मातींतील उणें भरून निघण्यास कित्येक पिढ्या जातील.

शिवाय हें शेवाळ आगीनंतर लगेच कामास लागत नाहीं. उत्तर स्वीडनमध्यें निरनिराळ्या काळीं जळालेल्या रानांची तुलना केली तेव्हां, नुकत्याच जळालेल्या रानांत शेवाळाचें हें नत्रार्जन अगदीं थोडें आणि जुन्या रानांत पुष्कळ अधिक, असें आढळलें. कारण शोधण्यास फार दूर जावें लागत नाहीं. शेवाळ स्वतःच जळून गेलेलें असतें, आणि तें पुन्हां पसरण्यास दाट सावली व ओल लागते. दुसरें कारण अधिक मनोरंजक आहे. मातींत व पावसाच्या थेंबांत मोकळें नत्र मिळत असेपर्यंत शेवाळ या सूक्ष्म जीवांना थारा देत नाहीं. उपासमार सुरू झाली म्हणजेच त्यांच्याशीं जमवून घेतें. हा व्यवहार मनुष्यजातीलाहि अपरिचित नाहीं.

येथें असा प्रश्न निघेल कीं, दोनशें-तीनशें वर्षांची ही कथा कोणीं पाहिली? एकाहि मनुष्याला तितकें आयुष्य नाहीं. यासाठीं शास्त्रज्ञ एक युक्ति करतात. एकाच प्रकारच्या जमिनीवर, एकाच हवामानांत, पण वेगवेगळ्या सालीं जळालेलीं रानें ते शोधून काढतात, आणि त्यांना वयाप्रमाणें ओळींत लावतात. एखाद्या मोठ्या कुटुंबांतील नातवापासून आजोबांपर्यंत सर्वांचीं चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून एकाच माणसाचें आयुष्य कल्पावें, तसें हें आहे. वणव्याचें साल ठरविण्यास पाइनचीं खोडें उपयोगीं पडतात. आगीनें भाजलेल्या बाजूला जो व्रण राहतो त्यापासून बाहेरचीं वार्षिक वर्तुळें मोजलीं कीं साल निघतें. या पद्धतींत धोका आहे तो उघड आहे. नातू आजोबांसारखाच होईल याची खात्री कोणी देऊं शकत नाहीं, आणि दोनशें वर्षांपूर्वींचा वणवा व आजचा वणवा यांची जातहि एकच असेल असें नाहीं. हा धोका पुढें महत्त्वाचा ठरणार आहे.

या सर्व अभ्यासांत सर्वांत विलक्षण अभ्यास स्वीडनच्या उत्तरेस आर्येप्लोग गांवाजवळ झाला. तेथें होर्नावान आणि उद्द्याउर हीं दोन मोठीं सरोवरें आहेत, आणि त्यांत लहानमोठीं शेंकडों बेटें आहेत. सगळीं बेटें हिमयुगाचा बर्फ हटल्यावर एकाच सुमारास उघडीं पडलेलीं. हवामान एक, खडक एक. भेद एवढाच कीं, मोठ्या बेटावर वीज पडण्याचा संभव अधिक म्हणून तें वरचेवर जळतें, आणि लहान बेट विजेच्या तडाख्यांतून हजारों वर्षें निसटून जातें. निसर्गानें मांडून ठेवलेला असा प्रयोग मनुष्याला करावयाचा म्हटलें तर पांच हजार वर्षें लागलीं असतीं. डेव्हिड वार्डल, झाक्रिसन आणि त्यांचे सहकारी यांनीं इ. स. १९९७ मध्यें अशा ५० बेटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कांहीं मोठीं बेटें गेल्या शतकाच्या आसपास जळालेलीं होतीं; कांहीं लहान बेटांवर सुमारें पांच हजार वर्षें आग शिरलेली नव्हती.

आगीपासून सुरक्षित राहिलेलें बेट अधिक समृद्ध असावें, अशी कोणाचीहि अपेक्षा होईल. आढळलें तें नेमकें उलट. लहान, न जळलेल्या बेटांवर सेंद्रिय थर अतिशय जाड झालेला होता. त्यांत कार्बनचा आणि नत्राचा मोठा सांठा होता. आणि झाडें मात्र खुरटलेलीं. क्रोबेरी नांवाचें एक खुजें सदाहरित झुडूप तेथें सर्वत्र माजलेलें होतें. त्याच्या पानांतील द्रव्यें कुजण्याची क्रिया मंद करतात आणि पाइनचें बीं रुजूं देत नाहींत. नत्र साल दरसाल येतच होतें, पण आलेलें सारें पेंवांत जाऊन पडत होतें. नत्राच्या मानानें स्फुरदहि दुर्मिळ होत गेलेलें होतें. तें तर हवेंतून मिळत नाहीं, आणि जाड थरामुळें खालच्या खडकाशीं मुळांचा संबंध सुटत जातो. पुढें इ. स. २०१३ मध्यें याच बेटांवरील संशोधनांत असें दिसून आलें कीं, त्या थरांत सांठलेल्या कार्बनपैकीं निम्मा किंवा त्याहून अधिक भाग वरून पडलेल्या पानांतून आलेला नसून खालून, मुळें आणि त्यांच्याशीं सख्य करणारी बुरशी यांच्या अवशेषांतून आलेला आहे. झाडांना नत्र पोंचविणारी बुरशी मरते ती पेंवांत आणखी भर घालूनच.

वणवा या कोंडमाऱ्यावर उपाय कसा करतो, यांत कोळशाचाहि मोठा वांटा आहे. आग लागली म्हणजे सगळें जळून राख होत नाहीं. कांहीं भाग कोळसा होऊन मातींत राहतो. पाणी शुद्ध करण्याच्या गाळणींत कोळसा ज्या गुणामुळें वापरतात तोच गुण येथें कामास येतो. इ. स. १९९६ मध्यें झाक्रिसन, निल्सन आणि वार्डल यांनीं दाखविलें कीं, वणव्याचा कोळसा क्रोबेरीच्या पानांतील तीं मारक द्रव्यें शोषून घेतो. त्यामुळें बीं रुजतें, सूक्ष्म जीव वाढतात, आणि नत्राचें चक्र पुन्हां फिरूं लागतें. परंतु कोळशाचीं बारीक छिद्रें हळूहळू भरून जातात, आणि सुमारें शंभर वर्षांनीं त्याचा हा गुण नाहींसा होतो. आगीनें तो पुन्हां तापला कीं गुण परत येतो. स्वीडनमध्यें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वणवे आटोक्यांत आणण्यांत आले. लांकडाच्या व्यापाराच्या दृष्टीनें तें शहाणपणाचें होतें; त्या मातीच्या दृष्टीनें तें तितकें शहाणपणाचें होतें काय, हा प्रश्न या शोधानंतर तेथील वनाधिकाऱ्यांना टाळतां आलेला नाहीं. कित्येक राखीव वनांत आतां जाणूनबुजून, देखरेखीखालीं आग लावण्यांत येते.

एका वणव्यापासून दुसऱ्या वणव्यापर्यंत किती काळ जातो यावर या मातीचें सारें भवितव्य अवलंबून आहे. अंतर हजारों वर्षांचें झालें कीं सांठा आहे पण हाताला लागत नाहीं. अंतर फार थोडें झालें तर काय होईल, हा प्रश्न बरींच वर्षें कागदावरचाच होता. कारण कोंवळें, ओलसर रान सहसा पेट घेत नसे. एकविसाव्या शतकांत ही समजूत डळमळूं लागली. उत्तरेचा प्रदेश पृथ्वीच्या सरासरीहून अधिक वेगानें तापत आहे, उन्हाळे कोरडे होत आहेत. इ. स. २०१४ मध्यें कॅनडाच्या वायव्य प्रदेशांत प्रचंड वणवे लागले, आणि इ. स. २०२३ मध्यें तर साऱ्या कॅनडांत मिळून सुमारें दीड कोटी हेक्टर जमीन जळाली.

वणवे केवळ वाढले नाहींत. ते खोलहि गेले. २००४ च्या अलास्कांतील वणव्यांत कित्येक ठिकाणीं सेंद्रिय थर तळापर्यंत जळून खालची खनिज माती उघडी पडली. काळ्या स्प्रूसचें बीं जाड थरावर कसेंबसें तरी रुजतें. बर्च आणि ॲस्पेन यांचें बीं इतकें हलकें कीं जाड थरावर त्याचा निभाव लागत नाहीं, पण उघड्या मातीवर तें झपाट्यानें पुढें जातें. म्हणून जेथें आग खोल गेली तेथें स्प्रूसच्या जागीं पानगळीचीं झाडें उभीं राहिलीं. यानें मातीचा सगळा कारभारच बदलतो. बर्च-ॲस्पेनचीं मऊ पानें दर शरदांत गळतात आणि लवकर कुजतात. नत्र व चुना दरवर्षीं मातींतून झाडांत आणि झाडांतून मातींत फिरत राहतो. माती उबदार राहते. मिशेल मॅक, झँथी वॉकर, जिल जॉनस्टोन आणि इतर संशोधकांनीं इ. स. २०२१ मध्यें या जळालेल्या भागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशीं पानगळीचीं बनें आगींत गमावलेला कार्बन भरून काढून शतकभरांत पूर्वींच्या स्प्रूसच्या बनांहून अधिक कार्बन सांठवूं शकतील, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

ही वार्ता आशादायक आहे, आणि ती तशी मानण्यास हरकत नाहीं. तथापि तींत एक 'जर' दडलेला आहे. तो कार्बन आतां मातींत नसून लांकडांत असेल, आणि मधल्या शंभर वर्षांत तेथें पुन्हां आग लागणार नाहीं असें गृहीत धरलेलें आहे. पानगळीचें रान स्प्रूसइतकें सहज पेटत नाहीं, हें त्याच्या बाजूचें आहे. पण त्याच पानगळीखालीं तें पिसाऱ्यासारखें शेवाळ गाडलें जातें व वाढूं शकत नाहीं. म्हणजे जुन्या सांठ्यांतील नत्र वेगानें फिरवलें जातें, पण शेवाळाकडून होणारी हळूहळू भरपाई थांबते. आल्डर शेजारीं असेल तर ती उणीव भासणार नाहीं. नसेल तेथें पुढील शतकांत काय होईल हें ठरविण्यास, नातवापासून आजोबांपर्यंतची ती चित्रांची ओळ पुरी पडत नाहीं. असे आजोबा त्या घराण्यांत पूर्वीं फारसे झालेलेच नाहींत.

२०१४ च्या वणव्यांनंतर कॅनडाच्या वायव्य प्रदेशांत वॉकर आणि सहकाऱ्यांनीं जमीन खणून एक साधा प्रश्न विचारला: आगींत जें जळालें तें किती जुनें होतें? किरणोत्सर्गी कार्बनच्या मोजणीनें थराच्या निरनिराळ्या खोलीचें वय काढतां येतें. जुन्या, ओलसर बनांत फक्त गेल्या वणव्यानंतर जमलेला वरचा भाग जळालेला आढळला. त्याखालचा, त्यापूर्वींच्या कित्येक वणव्यांतून वांचलेला थर या वेळींहि वांचला होता. कोरड्या जमिनीवरच्या, साठ वर्षें पुरीं न झालेल्या बनांत मात्र कित्येक ठिकाणीं आगीनें नवा थर संपवून त्या जुन्या ठेव्याला हात घातलेला होता. इ. स. २०१९ मध्यें हा अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हां लोकांचें लक्ष साहजिकच कार्बनकडे वेधलें गेलें. त्याच थरांत पिढ्यान्‌पिढ्या किलो-दीडकिलोनें जमत आलेलें नत्रहि होतें. आणि तें जमविणारें शेवाळ त्या कोंवळ्या बनांत नुकतेंच कोठें पसरूं लागलें होतें.